अंगण वाकडं नाही

आयर्लंडमध्ये फुटबॉल एवढा मागे का, असं तिथल्या फुटबॉलवाल्याला विचारलं की तिसऱ्या वाक्यात जीएएचं नाव येतं. जीएए म्हणजे गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन. गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग हे देशी खेळ चालवणारी संस्था. गावातलं चांगलं मैदान तिचं, शाळेतले शिक्षक तिचे, खासदार तिचे, अनुदान तिचं. आमच्या वाट्याला, असं तो सांगतो, पालिकेच्या बागेतला उतरता तुकडा आणि जाळी नसलेले गोल. 'ग्रॅब ऑल असोसिएशन', म्हणजे दिसेल ते लाटणारी संस्था, हे टोपणनाव याच गोटातलं. पलीकडच्या गोटात फुटबॉल म्हणजे इंग्रजांच्या छावणीतून आलेला, पैशाला विकलेला, धक्का न लागता लोळणाऱ्यांचा खेळ. ही भाषा दोन्हीकडे आता बरीचशी सवयीने बोलली जाते, कारण माणसं तीच आहेत. रविवारी कॉर्कच्या हर्लिंग सामन्याला जाणारा माणूस शनिवारी लिव्हरपूलसाठी ओरडून घसा बसवून घेतो आणि त्यात त्याला काहीच विसंगत वाटत नाही.

तक्रारीतला इतिहास खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मला पटत नाही. आयरिश फुटबॉल दुबळा राहिला तो मुख्यतः फुटबॉलवाल्यांनी स्वतःचा प्रेक्षक इंग्लंडच्या स्वाधीन केला आणि स्वतःच्या जमिनी दुसऱ्यांच्या नावावर राहू दिल्या म्हणून. जीएएचा दोष आहे, पण तो दुसरीकडे आहे. त्याकडे पुढे येतो.

आधी खेळांची ओळख, थोडक्यात. गेलिक फुटबॉलमध्ये बाजूला १५ खेळाडू. चेंडू हातात धरता येतो, पण चार पावलांपलीकडे नाही. मग तो जमिनीवर आपटायचा किंवा पायाच्या बोटांनी उडवून परत हातात घ्यायचा, आणि सलग दोनदा आपटायचा नाही. गोलचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे: आडव्या दांड्याखालून गेला तर गोल, म्हणजे ३ गुण, वरून गेला तर १ गुण. २०२५ पासून ४० मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या फटक्याला २ गुण मिळतात. हर्लिंगमध्ये याच खांबांत, याच मैदानावर, अ‍ॅश लाकडाच्या काठीने ११० ते १२० ग्रॅम वजनाचा चामडी चेंडू मारतात. तो शंभर किलोमीटर वेगाच्या वर सहज जातो. हर्लिंग २०१८ पासून युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे. दोन्ही खेळ हौशी. जीएएच्या डब्लिनमधल्या क्रोक पार्क मैदानात ८२ हजार लोकांसमोर अंतिम सामना खेळलेला खेळाडू सोमवारी शाळेत शिकवायला किंवा बँकेत कामाला जातो. क्लब पॅरिशचा, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावाचा. तुम्ही जिथले, तिथलेच खेळाडू.

जीएए १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरी परगण्यातल्या थर्लस गावी, हेज हॉटेलात स्थापन झाली. मायकेल क्यूसॅक आणि मॉरिस डॅव्हिन हे तिचे प्रमुख संस्थापक. ब्रिटिश राजवटीत स्वतःचे खेळ, स्वतःचे नियम, स्वतःच्या स्पर्धा उभ्या करणं हे उघडच राजकीय काम होतं. २१ नोव्हेंबर १९२० रोजी क्रोक पार्कमध्ये डब्लिन विरुद्ध टिपरेरी सामन्यावर ब्रिटिश दलांनी गोळीबार केला. १४ जण मेले, त्यांत टिपरेरीचा खेळाडू मायकेल होगन होता. मैदानातला होगन स्टँड त्याच्याच नावाचा. तिथे फुटबॉल आणि रग्बी येऊ द्यायचं की नाही यावर पुढे इतकी वर्षं डोकी का तापली, हे या तारखेशिवाय कळत नाही.

पण दुःखाचा हक्क आणि बंदीचा हक्क वेगळे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जीएएने सभासदांना फुटबॉल, रग्बी, हॉकी आणि क्रिकेट या 'परक्या' खेळांची बंदी केली. खेळायचं तर नाहीच, बघायलाही जायचं नाही. नियम पाळला जातोय का हे पाहायला 'दक्षता समित्या' होत्या. त्यांची माणसं फुटबॉलच्या मैदानावर जाऊन ओळखीचे चेहरे टिपत. (बंदी असलेला खेळ पाहायची परवानगी फक्त चुगली करणाऱ्याला, हा विनोद त्या काळातही कुणाच्या नजरेतून सुटला नव्हता.) खेळाडू खोट्या नावाने फुटबॉल खेळत. १९३८ मध्ये तर कळसच झाला. देशाचे राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड डेलीमाउंट पार्कला आयर्लंड-पोलंड फुटबॉल सामन्याला गेले, आणि जीएएने त्यांचं आश्रयदातेपद काढून घेतलं. आयरिश भाषेसाठी आयुष्य वेचलेला माणूस पुरेसा आयरिश ठरला नाही. १९४१ मध्ये डब्लिनच्या गेलिक संघातून लेन्स्टर प्रांताची स्पर्धा जिंकलेल्या कॉन मार्टिनचं पदक फुटबॉल खेळतो म्हणून अडवलं गेलं. ते त्याच्या हाती पडायला तीन दशकं लागली. दरम्यान याच मार्टिनने १९४९ मध्ये गुडिसन पार्कवर आयर्लंडसाठी इंग्लंडविरुद्ध गोल केला होता. तो सामना आयर्लंडने २-० असा जिंकला. बंदी अखेर १९७१ मध्ये बेलफास्टच्या अधिवेशनात उठली.

आता फुटबॉलवाल्यांच्या युक्तिवादाची परीक्षा इथेच घ्यावी. बंदीने त्यांचा खेळ मारला असेल, तर बंदी असताना तो मेलेला असायला हवा होता. प्रत्यक्षात उलट घडलं. १९५० आणि ६०च्या दशकांत, बंदी पूर्ण जोरात असताना, डब्लिनच्या शॅमरॉक रोव्हर्स, शेलबर्न, बोहेमियन्स यांच्या सामन्यांना हजारोंनी गर्दी होई. मिलटाउन आणि डेलीमाउंट ही त्यांची मैदानं भरत. बंदी उठली त्या सत्तरच्या दशकात लीग ऑफ आयर्लंडची, म्हणजे देशातल्या फुटबॉल साखळीची, मैदानं ओस पडू लागली. बदललं होतं ते घरातलं. पूर्व किनाऱ्यावर उंच एरियल लावलं की बीबीसी दिसे. १९६४ मध्ये सुरू झालेला 'मॅच ऑफ द डे' हा फुटबॉलचा कार्यक्रम पुढे इथेही दिसू लागला. शनिवारी रात्री जॉर्ज बेस्टला पाहिलेला माणूस रविवारी पावसात स्थानिक मध्यरक्षक पाहायला येईना.

या निष्ठेची मुळं नुसती टीव्हीत नाहीत, हेही मान्य करायला हवं. आयर्लंडमधून पिढ्यान्‌पिढ्या माणसं बोटीने लिव्हरपूल, मँचेस्टर, ग्लासगोला कामाला गेली. ग्लासगोचा सेल्टिक क्लब १८८७ मध्ये स्लायगोहून आलेल्या ब्रदर वॉल्फ्रिड यांनी आयरिश गरिबांच्या मदतीसाठीच काढला. मँचेस्टर युनायटेडचा १९४८चा एफए कप उचलणारा कर्णधार जॉनी केरी डब्लिनचा; म्युनिकच्या १९५८च्या विमान अपघातात गेलेला लियम व्हेलन डब्लिनच्या कॅब्रा वस्तीतला. काका ज्या शहरात राबला त्या शहराचा क्लब घरी आला, हे समजण्यासारखं आहे. पण १९८८ मध्ये श्टुटगार्टला इंग्लंडला हरवून आणि १९९० मध्ये विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी गाठून प्रशिक्षक जॅक चार्ल्टनच्या आयरिश संघाने अख्खा देश फुटबॉलवेडा केला, तेव्हाही त्यातला फारच थोडा उत्साह डेलीमाउंटच्या फाटकापर्यंत पोचला. तो गेला इंग्लिश क्लबांच्या जर्सींकडे आणि पबमधल्या पडद्यांकडे. लीग ऑफ आयर्लंडचे कट्टर चाहते अशा प्रेक्षकाला 'बारस्टूलर' म्हणतात, पबच्या उंच स्टुलावरून निष्ठा दाखवणारा. शब्द बोचरा आहे, पण हिशेब सरळ आहे. डब्लिनहून मँचेस्टरच्या एका सामन्याला विमान, हॉटेल, तिकीट धरून काही शे युरो जातात. तेवढ्यात घराजवळच्या क्लबाचा अख्ख्या मोसमाचा पास येतो. तो पैसा जीएएने पळवलेला नाही.

गंमत म्हणजे फुटबॉलचे कित्येक मोहरे जीएएनेच घडवले. केव्हिन मोरन १९७६ आणि १९७७ मध्ये डब्लिनकडून ऑल-आयर्लंड, म्हणजे परगण्यांची देशपातळीवरची गेलिक फुटबॉल स्पर्धा, जिंकला आणि मग मँचेस्टर युनायटेडमध्ये गेला. नायल क्विन तरुणपणी डब्लिनकडून हर्लिंग खेळला. शेमस कोलमन डनिगॉलच्या किलीबेग्ज गावात गेलिक खेळत वाढला, स्लायगो रोव्हर्समध्ये आला, आणि २००९ मध्ये एव्हर्टनने त्याला ६० हजार पौंडांत नेलं. उंच चेंडूखाली टाइमिंगने उडी मारणं, धडकेनंतर तोल सांभाळणं, मोकळ्या मैदानात लांब धावणं हे त्यांनी गेलिक मैदानावर कमावलं. तिथे जे मिळत नाही ते म्हणजे दाट गर्दीत, कमी जागेत, एका स्पर्शात चेंडू खेळवायची सवय. ती दहा-बाराव्या वर्षी लागली नाही तर पुढे लागणं कठीण, आणि आयरिश फुटबॉलची ती उणीव मैदानात दिसते.

आता जमिनीकडे. मला खरा फरक इथे दिसतो, आणि यावर सर्वांत कमी बोललं जातं.

जीएएच्या क्लबाचं मैदान विश्वस्तांच्या नावे संस्थेत अडकवलेलं असतं. क्लबाचा अध्यक्ष कर्जात बुडाला, कार्यकारिणीत भांडणं झाली, शेजारी बंगले उठून जमिनीचा भाव दसपट झाला, तरी एकटादुकटा माणूस ते विकून पैसे खिशात घालू शकत नाही. चार-पाच पिढ्यांनी लॉटरी विकून, दगड वेचून, कर्ज फेडून केलेली ही जमीन. फुटबॉलमध्ये क्लब बहुधा एखाद्या कुटुंबाचा किंवा कंपनीचा असे, किंवा मैदान पालिकेचं असे. परिणाम १९८७ मध्ये दिसला. शॅमरॉक रोव्हर्स, देशातला सर्वाधिक विजेतेपदांचा क्लब. त्याच्या मालकांनी मिलटाउनचं ग्लेनमल्यूर पार्क विकायला काढलं आणि तिथे घरं उभी राहिली. क्लब २२ वर्षं बेघर फिरला. ती विक्री चाहत्यांनी निदर्शनं करून थांबवायचा प्रयत्न केला, पण कागदावर त्यांचा हक्कच नव्हता.

अनुदानाचं गणितही इथूनच फिरतं. सरकारच्या क्रीडा भांडवली अनुदानाला अर्ज करायचा तर जमिनीची मालकी किंवा लांब मुदतीचा भाडेपट्टा दाखवावा लागतो, शिवाय खर्चातला स्वतःचा हिस्सा. २००८ नंतर थांबलेली ही योजना २०१२ मध्ये पुन्हा सुरू झाली. तेव्हा क्रीडाखातं होतं लिओ वराडकर यांच्याकडे, ज्यांचं मूळ घर मालवण तालुक्यातल्या वराड गावचं. मंत्री कोणीही असो, ज्याच्याकडे सातबारा त्याचा अर्ज भक्कम. पालिकेच्या मैदानावर आठवड्याच्या भाड्याने खेळणारा फुटबॉल क्लब कपडे बदलायच्या खोल्यांसाठी अर्ज करणार कशाच्या जोरावर? फुटबॉल महासंघाने, म्हणजे एफएआयने, २०२३ मध्ये सुविधांसाठी १५ वर्षांत ८६.३ कोटी युरो लागतील असा आराखडा मांडला. आकडा अवास्तव नाही. गरज तेवढी आहे. पण त्याच महासंघाचा २०१९ मध्ये काय प्रकार झाला ते लोक विसरलेले नाहीत. प्रमुख जॉन डिलेनी यांनी स्वतःच्या खिशातून महासंघाला १ लाख युरोंचं तात्पुरतं कर्ज दिल्याची बातमी फुटली. मग एकेक कपाट उघडत गेलं आणि देणी ५ कोटी युरोंच्या वर निघाली. महासंघ सरकारी मदतीने वाचला. अशा वेळी 'मैदानं जीएएने लाटली' म्हणणं म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं.

मग जीएएचा दोष कुठे? मोठी मैदानं सार्वजनिक पैशाने बांधून घ्यायची आणि ती आपल्या दिवाणखान्यासारखी राखायची, इथे.

मैदान वाटून घेणं कागदावर सोपं दिसतं, म्हणून मापं बघू. गेलिक मैदान १३० ते १४५ मीटर लांब आणि ८० ते ९० मीटर रुंद. आंतरराष्ट्रीय फुटबॉलचं मैदान साधारण १०५ बाय ६८. म्हणजे मोठ्यात मोठं गेलिक मैदान क्षेत्रफळात फुटबॉलच्या १.८ पट भरतं. गेलिक मैदानात फुटबॉल मावतो, फुटबॉलच्या मैदानात गेलिक मावत नाही. पण मावला म्हणजे जमला असंही नाही. दोन्ही टोकांना वीस-वीस मीटर आणि बाजूंना दहा-दहा मीटर मोकळं गवत राहतं. गोलमागचा प्रेक्षक गोलपासून लांब पडतो आणि छोट्या क्लबच्या तीन-चार हजारांच्या गर्दीचा आवाज त्या पोकळीत विरतो. एच आकाराचे खांब काढून ७.३२ बाय २.४४ मीटरचे गोल बसवायचे, त्यांचे खड्डे वेगळ्या जागी. जुन्या रेषा घासून, हिरवा रंग मारून लपवायच्या. नाहीतर पंच आणि बचावपटू दोघेही ऑफसाइडला चुकतात. गवत फुटबॉलला आखूड आणि ओलं हवं. फिफा-युएफाच्या स्पर्धा सामन्यांना तेव्हा उभं राहायची जागा चालत नव्हती, म्हणून क्रोक पार्कमधल्या हिल १६ या उभ्या प्रेक्षकांच्या टेकाडावर तात्पुरत्या खुर्च्या लावाव्या लागल्या आणि क्षमता घटली: मार्च २००७ मध्ये तिथल्या पहिल्या फुटबॉल सामन्याला, वेल्सविरुद्ध, सुमारे ७२ हजार प्रेक्षक होते.

म्हणूनच टॅलाच्या भांडणात मी फुटबॉलच्या बाजूने आहे. डब्लिनच्या नैर्ऋत्येला टॅला इथे पालिकेने रोव्हर्ससाठी स्टेडियम पुरं करायला घेतलं. शेजारच्या थॉमस डेव्हिस या जीएए क्लबाने न्यायालयात धाव घेतली: सार्वजनिक पैसा आहे, तर मैदान प्रौढांच्या गेलिक खेळांना पुरेल एवढं मोठं करा. ऐकायला न्याय्य. पण मैदान तेवढं वाढवलं असतं तर त्याच भूखंडात खुर्च्यांची जागा गेली असती आणि बघायला वाईट, अर्धं रिकामं स्टेडियम मिळालं असतं. डिसेंबर २००७ मध्ये न्यायालयाने मागणी फेटाळली. २००९ मध्ये स्टेडियम उघडलं. मालकी पालिकेची, त्यामुळे पुन्हा कुणी विकूही शकत नाही. आज चारही बाजू बांधून झाल्या आहेत, क्षमता दहा हजारांच्या वर आहे, युरोपातले सामने तिथे होतात. लहान मैदान लहानच राहू द्यावं. वाटणी मोठ्याकडून लहानाकडे व्हावी, वर्षातून मोजके दिवस, जेव्हा गर्दीच मोठी असते.

आणि मोठ्याने ती वाटणी प्रत्येक वेळी रडतखडत केली. क्रोक पार्कचं दार उघडायला २००५चं अधिवेशन लागलं, २२७ विरुद्ध ९७ मतांनी, तेही फुटबॉल-रग्बीचं लॅन्सडाउन रोड स्टेडियम पाडून नवं बांधायचं म्हणून तात्पुरतं. २४ फेब्रुवारी २००७ रोजी तिथे इंग्लंडचा रग्बी संघ उतरला, त्यांचं राष्ट्रगीत वाजलं, लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग आयर्लंडने ४३-१३ असा सामना मारला. आकाश कोसळलं नाही; उलट भाड्याचे कोट्यवधी युरो जीएएच्या तिजोरीत आले. एवढा अनुभव गाठीशी असताना २०१८ मध्ये कॉर्कला पुन्हा तोच घोळ. कर्करोगाने ३६व्या वर्षी गेलेल्या लियम मिलर या फुटबॉलपटूच्या कुटुंबासाठी सामना ठरला. टर्नर्स क्रॉस या तिथल्या फुटबॉल मैदानाची क्षमता जेमतेम सात हजार. त्याच शहरात जीएएचं पॉर्क ई क्वीव्ह, ४५ हजारांचं, नुकतंच नव्याने बांधलेलं, त्यात सरकारचे ३ कोटी युरो. युरोपीय आयोगाने या मदतीला मान्यता देताना मैदान बहुउपयोगी असेल हेच धरलं होतं. जीएएचं उत्तर: नियमात बसत नाही. देशभर ओरडा झाल्यावर नियमात बसलं. सप्टेंबरमध्ये सामना झाला, स्टेडियम गच्च भरलं. १६ जुलै २०२४ रोजी त्याच मैदानावर आयर्लंडच्या महिला फुटबॉल संघाने फ्रान्सला ३-१ हरवलं, आणि तेव्हा कुणी भुवईही उंचावली नाही. म्हणजे अडचण गवताची नव्हती, परवानगी कुणाच्या मर्जीने मिळते याची होती.

माझी मागणी त्यामुळे मर्यादित आहे. अमुक रकमेच्या वर सरकारी पैसा घेतलेल्या प्रत्येक मैदानाच्या करारातच वर्षाला ठरावीक दिवस इतर खेळांसाठी लिहिलेले असावेत. भाडं, गवताची भरपाई, खांब-रेषा बदलायचा खर्च कुणी करायचा हेही त्यातच. मग अधिवेशन, मतदान, कुणाच्या दुःखाचा तमाशा, काही नको. ही अट फुटबॉलच्या सरकारी पैशालाही लागू: कृत्रिम गवताची मैदानं हिवाळ्यात संध्याकाळी गेलिकच्या मुलांना मिळाली पाहिजेत.

उत्तर आयर्लंडमध्ये हे सूत्र जसंच्या तसं चालणार नाही, हे मान्य. बेलफास्टचं केसमेंट पार्क २०१३ पासून बंद पडून आहे. तिथे सुमारे ३४ हजारांचं स्टेडियम बांधून युरो २०२८ या फुटबॉल स्पर्धेचे सामने घ्यायचे ठरलं होतं. पण मैदानाला नाव आहे ब्रिटिशांनी फाशी दिलेल्या रॉजर केसमेंटचं, आणि उत्तर आयर्लंडच्या फुटबॉल संघाचे बरेच चाहते युनियनवादी, म्हणजे ब्रिटनशी जोडलेलं राहू इच्छिणारे. त्यांचं घर विंडसर पार्क. त्यांना केसमेंट नको होतं. खर्चाचा अंदाज ४० कोटी पौंडांच्या वर जाऊ शकेल म्हणत ब्रिटिश सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये युरो स्पर्धेसाठी हात वर केले. २०२५ मध्ये ५ कोटी पौंड देऊ केले, ते जीएएच्या मैदानासाठी. फुटबॉल स्पर्धेच्या निमित्ताने गेलिक मैदान बांधून घ्यायचं हा डाव दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना सोयीचा होता. ज्यांनी तिथे बसून सामना पाहायचा त्यांना कुणी नीट विचारलं नाही.

जीएएला खरी धास्ती जमिनीची नाही, दिनदर्शिकेची असायला हवी. २०२२ पासून ऑल-आयर्लंड अंतिम सामने ऑगस्ट-सप्टेंबरवरून जुलैत आणले. उरलेलं वर्ष क्लबांना. क्लबच्या खेळाडूला आपला सामना कधी आहे हे महिनाभर आधी कळायला लागलं, हा मोठा फायदा. पण ऑगस्ट-सप्टेंबरची वर्तमानपत्रं, टीव्ही, शाळा सुरू होतानाच्या मधल्या सुट्टीतल्या गप्पा, हे सगळं इंग्लिश प्रीमियर लीगला आंदण दिलं. त्यात उन्हाळ्यातले काही महत्त्वाचे सामने पैसे भरून ऑनलाइन पाहायची व्यवस्था केल्यावर २०२३ मध्ये गावोगावच्या म्हाताऱ्यांनी जो संताप केला तो योग्यच होता. मुलाला हर्लिंगची काठी हातात घ्यावीशी वाटते ती सामना पाहून.

इकडे फुटबॉल उशिरा का होईना घराकडे वळतोय. ब्रेक्झिटनंतर, २०२१ पासून, ब्रिटिश क्लबांना १८ वर्षांखालचा आयरिश मुलगा घेता येत नाही. आधी पंधरा-सोळाव्या वर्षी मुलं बोटीत बसत आणि बहुतेक जण विशीच्या आत, शिक्षण अर्धवट टाकून, परत येत. आता ती दोन-तीन वर्षं डब्लिन, कॉर्क, स्लायगोच्या क्लबांना सांभाळायची आहेत. त्यासाठी पूर्णवेळ प्रशिक्षक लागतात, आणि ते पुरेसे नाहीत. प्रेक्षक मात्र आलेत: २०२३च्या एफएआय कप अंतिम सामन्याला अविव्हा स्टेडियममध्ये ४३,८८१, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बोहेमियन्स विरुद्ध रोव्हर्स या नुसत्या लीग सामन्याला ३३ हजारांच्या वर. बोहेमियन्स सभासदांच्या मालकीचा क्लब आहे. जर्सी, भिंतचित्रं, वस्तीतली कामं यांतून त्यांनी जे उभं केलं ते पाहिलं की वाटतं, शंभर वर्षांपूर्वी जीएएने पॅरिशमध्ये केलं तेच हे, शहरात. २०२४ मध्ये दिवाळं निघायच्या बेतात आलेल्या डंडॉक क्लबाकडे पाहिलं की उलटं उदाहरणही तिथेच सापडतं.

या दोन्ही बदलांची टक्कर होते ती तेरा ते सोळा वयाच्या मुलामुलींवर. लीग ऑफ आयर्लंड २००३ पासून उन्हाळ्यात, साधारण फेब्रुवारी ते नोव्हेंबर, खेळली जाते; आता मुलांचा फुटबॉलही त्याच कॅलेंडर वर्षावर आणायचं चाललंय. गेलिकचा मोसमही नेमका तोच. पूर्वी हिवाळा फुटबॉलचा, उन्हाळा गेलिकचा अशी न लिहिलेली वाटणी होती, ती मोडते आहे. दोन्ही खेळांत चांगल्या असलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीचा आठवडा मोजा: शाळेचा गेलिक सराव, क्लबचे दोन फुटबॉल सराव, पॅरिशचा एक-दोन गेलिक सराव, परगण्याच्या निवड गटाचं बोलावणं, आणि शनिवार-रविवार मिळून दोन सामने. विश्रांतीचा दिवस उरत नाही. वाढीच्या वयात याचा परिणाम ठरलेला: जांघ आणि कमरेच्या हाडापाशी न जाणारं दुखणं, मांडीमागचे स्नायू पुन्हा पुन्हा फाटणं, मुलींमध्ये गुडघ्याचा लिगामेंट तुटणं. प्रत्येक प्रशिक्षकाला आपला सराव हलका वाटतो. बेरीज कुणीच करत नाही. मग सोळाव्या वर्षी मूल एक खेळ सोडतं, पुष्कळदा दोन्ही.

डब्लिनच्या आयटी कंपन्यांत आणि इस्पितळांत काम करणाऱ्या मराठी घरांतली मुलंही या यंत्रात आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत जीएएचे आठवडाभराचे कूल कॅम्प असतात, सहा ते तेरा वयाच्या मुलांसाठी; शाळेतच माहितीपत्रक हातात पडतं, आणि पॅरिशचा क्लब म्हटलं की आईबापांचीही गावाशी ओळख होते. फुटबॉलला ओळखीची गरज लागत नाही, म्हणून परक्या देशातून आलेलं मूल आधी तिकडे जातं. कॉर्कचा माजी हर्लिंग कर्णधार शॉन ओग ओ हालपीनची आई फिजीची, वेक्सफर्डच्या ली चिनचे वडील मलेशियातून आलेले. दार उघडं आहे, पण त्यातून आत बोलवायला कुणीतरी फाटकापाशी उभं असावं लागतं.

सुरुवात करायला कायदा लागत नाही. चौदा ते सोळा वयोगटासाठी प्रत्येक परगण्यात दोन्ही संघटनांचं एकच वेळापत्रक करावं: एका खेळाचे सराव सोमवार-बुधवार, दुसऱ्याचे मंगळवार-गुरुवार, शुक्रवार रिकामा, सामने एकाचे शनिवारी, दुसऱ्याचे रविवारी, आणि एका मुलाचे आठवड्याला चार सराव-सामन्यांपेक्षा जास्त नाहीत, ही नोंद क्लबांनी नव्हे तर शाळेने ठेवायची. एफएआयचं मुख्यालय अ‍ॅबट्सटाउनच्या सरकारी क्रीडासंकुलात आहे, जीएएचं प्रशिक्षण केंद्रही त्याच कुंपणात. पुढच्या मोसमाच्या तारखा छापायला जायच्या आत दोघांच्या स्पर्धा सचिवांनी तिथे एका टेबलाशी बसावं.